बाराव्या लँडिंगची वही

१

चार वाजून पाच मिनिटांनी अध्यक्षांनी कात्रीने लिफाफ्याची बाजू कापली, आणि आतून टेलिफोन डिरेक्टरी निघाली.

अख्खी नव्हे. तिची साठ-सत्तर पानं, वहीच्या मापाने कापून दोऱ्याने बांधलेली. अध्यक्षांनी गठ्ठा उलटा केला, सुलटा केला आणि टेबलावर ठेवून दिला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या तपासणीसबाई उठून टेबलापाशी आल्या. लिफाफ्याच्या तोंडावर सकाळी अध्यक्षांच्या सहीशेजारी त्यांचीही सही झाली होती. ती सही अजून जशीच्या तशी होती, म्हणजे त्यांच्या नाकावर टिच्चून कुणीतरी आतला माल पळवला होता.

आता हा माल काय होता ते सांगायला हवं. नौदलाची दोन अवाढव्य जहाजं होती, ज्यांच्या पाठीवरून विमानं उडतात आणि पाठीवरच परत उतरतात. त्या जहाजांसाठी लढाऊ विमान निवडायचं काम या समितीकडे होतं. दोन वर्षं चाळण लावून शेवटी दोन विमानं उरली. त्यांची खरी नावं हातभर लांब, म्हणून कचेरीत सगळे त्यांना थोरला आणि धाकला म्हणत. थोरला दोन इंजिनांचा, दांडगा. पोटाखाली शस्त्रं लावून जायचा आणि वापरली नाहीत तर तशीच घेऊन परत यायचा. धाकला एका इंजिनाचा, आटोपशीर, जागा कमी खाणारा. पण ओझं घेऊन जहाजावर उतरणं त्याला झेपत नसे. उरलेली शस्त्रं समुद्रात टाकूनच यावं लागे, आणि लाटा उंच असल्या की तेवढ्यानेही भागत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी थोरल्याची चाचणी चालू असताना बाराव्या लँडिंगला तो जहाजाच्या मागच्या कडेवर आपटला आणि वैमानिकासकट समुद्रात गेला. विमानातलं नोंदयंत्र तळाशी गेलं. चूक यंत्राची की माणसाची हे सांगायला कुणी उरलं नाही. समितीचा नियम कडक होता: अपघाताचं कारण अज्ञात राहिलं तर विमान बाद. मग थोरला घरी जाणार आणि धाकला जहाजावर येणार.

आणि आज सकाळी अकरा वाजता त्या वैमानिकाच्या बायकोने लिफाफा पाठवला. सोबत चार ओळींची चिठ्ठी. उड्डाणाच्या वेळी वैमानिक मांडीला पट्ट्याने एक वही बांधतात. ती वही विमानात बसायच्या आधी खोलीवर राहून गेली होती, सामानात घरी आली. समितीसमोरच उघडावी, एवढीच विनंती.

अध्यक्ष अख्खी हयात पाणबुडीत घालवलेले गृहस्थ. मोजकं बोलायचे, आणि तेही दार बंद करून.

"बाई, आठ वाजता मला मंत्र्यांना शिफारस कळवायची आहे," ते म्हणाले. "अकरापासून इमारतीबाहेर कुणी गेलेलं नाही. वही इथेच आहे. आणि ज्याने ती घेतली तो मघाशी माझ्याबरोबर चहा प्यायलाय."

२

तपासणीसबाई पन्नाशीला टेकल्या होत्या. गुडघा कुरकुरायचा, चष्मा सारखा डोक्यावर जायचा आणि मग साऱ्या कचेरीत शोधला जायचा. पण प्रश्न विचारायला बसल्या की भल्याभल्यांना घाम फुटे. आज मात्र घोर त्यांनाच लागला होता. उद्या चुकीचं विमान जहाजावर आलं तर त्यात विशीतली पोरं बसणार होती, आणि लिफाफ्यावर सही बाईंची होती.

त्यांनी आधी लिफाफा उन्हात धरला. तोंडाला हात लागलेला नव्हता. खालची शिवण मात्र उघडून पुन्हा चिकटवलेली होती, इतक्या सफाईने की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. बाईंनी वास घेतला. पिठाच्या खळीचा आंबूस वास, अजून किंचित ओलसर. या इमारतीत खळ एकाच ठिकाणी असे, तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमच्या काउंटरवर. पण ते भांडं दिवसभर उघडंच, येणारा-जाणारा बोट बुडवून जायचा. जुन्या डिरेक्टऱ्याही तिथेच रचलेल्या.

लिफाफा होता अध्यक्षांच्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटात. एक किल्ली अध्यक्षांच्या खिशात, दुसरी रेकॉर्ड रूमच्या भिंतीवरच्या फळीवर टांगलेली. एक ते अडीच अध्यक्ष इमारतीतल्याच खाणावळीत जेवायला गेले होते आणि त्यांचा शिपाई रजेवर होता. जे काही झालं ते त्या दीड तासात.

पहिला बसला थोरल्याच्या कंपनीचा एजंट. सूट असा की सुरकुतीला जागा नाही. तो सकाळपासून खालच्या दालनात बसून होता, कुणाला शंका असेल तर उत्तर द्यायला. वही आल्याची बातमी त्यालाही लागली होती. कशी, ते विचारल्यावर तो नुसता हसला. बाईंनी सरळ विचारलं की वहीत विमानाचं खापर फुटलं असतं तर तुमचं काय झालं असतं.

"इथे हरलो तर एक गिऱ्हाईक जातं," एजंट म्हणाला. त्याचं हसू मावळलं होतं. "ती वही बाहेर आली तर जगात कुणी आम्हाला दारात उभं करणार नाही. पण बाई, मला जिना चढायलासुद्धा शिपाई सोबत लागतो. विचारा खाली."

खाली विचारलं. पहारेकऱ्याने सांगितलं की साहेब दोनदा हात धुवायला गेले, आणि दुसऱ्यांदा जरा वेळच लागला.

दुसरे समितीवरचेच क्षेपणास्त्रवाले डॉक्टर. औषधाचे नव्हेत, शास्त्राचे. जहाजावर चालून येणाऱ्या क्षेपणास्त्राला हवेतच गाठणारी यंत्रणा त्यांनी बारा वर्षं खपून उभी केली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: विमानं कितीही चांगली आणा, जहाजच बुडलं तर ती उतरणार कुठे. धाकला आला तर जहाजावर जागा उरते आणि त्या जागेत त्यांची क्षेपणास्त्रं बसतात, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दुपारी ते गच्चीवर फेऱ्या मारत होते. एकटे. बघितलं कुणी नाही.

"म्हणजे थोरल्याची बदनामी करणारी वही मी कशाला चोरीन?" डॉक्टरांनी विचारलं. "मी तर ती फ्रेम करून लावली असती."

बोलणं बिनतोड होतं, आणि तेच बाईंना खुपलं. ज्याला त्याला वहीत काय आहे ते न वाचताच ठाऊक होतं. सगळे धरून चालले होते की बायको वही पाठवते म्हणजे तिच्यात नवरा निर्दोष आहे, म्हणजे दोष थोरल्याचा. बाईंनीही सकाळपासून हेच धरलं होतं.

मग त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, आबांकडे. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. आबा म्हणजे रेकॉर्ड रूमचे प्रमुख, तीस वर्षं त्याच खुर्चीत. बाई तेविसाव्या वर्षी कारकून म्हणून लागल्या तेव्हा फाइलीला फीत कशी बांधायची ते आबांनी शिकवलं होतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी समुद्रात गेलेला तो वैमानिक आबांचा एकुलता एक मुलगा होता. रजा घ्या म्हणून सगळ्यांनी विनवलं, पण माणूस ऐकेना. घरी काय करू, म्हणाले. सकाळी लिफाफ्यावर आवक शिक्का त्यांनीच मारला होता, वर त्यांनीच नेऊन दिला होता. अध्यक्षांनी चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा आबांचा चेहरा पांढराफटक पडला आणि बाईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं होतं.

आताही ते शांतपणे बोलले. जेवायला इथेच बसलो होतो. सव्वाच्या सुमारास हात धुवायला गेलो, दहा मिनिटं लागली असतील. किल्ली फळीवरच होती. कुणी घेतली असेल तर चूक माझी, पोरी, लिहून घे.

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. आबांच्या काउंटरवरूनच त्यांनी फोन उचलला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो ठेवून त्या वर स्वतःच्या खोलीत आल्या. आबांच्या सुनेशी आबांसमोर बोलणं त्यांना बरं वाटेना.

३

सून शाळेत शिकवायची. आवाज सरळ आणि स्वच्छ. वही चोरीला गेली हे बाईंनी तिला सांगितलं.

"तुम्ही वाचली होती का?" बाईंनी विचारलं.

"आठ दिवसांपूर्वी. सामान आलं त्या दिवशीच."

"मग विमानात काय बिघडलं होतं?"

"विमानात काही बिघडलं नव्हतं."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. ऐकण्यात काही चुकलं असेल असं त्यांना वाटलं.

"त्याला उजव्या डोळ्याने दोन दोन दिसत होतं," सून म्हणाली. "दीड महिना. त्याने मला सांगितलं नाही. सगळं वहीत लिहिलंय, प्रत्येक लँडिंगचं. विमानाबद्दल एक वाईट शब्द नाही."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. सकाळपासून रचलेलं सगळं कोसळलं होतं. ही वही थोरल्याला बुडवणारी नव्हती, तारणारी होती, आणि बुडणार होता तो मेलेला मुलगा. मग त्यांनी विचारलं की हे माहीत असून तुम्ही वही पाठवलीत?

सुनेने जे सांगितलं ते बाईंनी नंतर शब्दशः लिहून ठेवलं. नवऱ्याचा जोडीदार, तोही वैमानिक, त्याला लहान मुलगी आहे. थोरला बाद झाला तर तो धाकल्यात बसेल, आणि धाकला वादळात ओझ्यासकट उतरत नाही हे नवराच जेवताना सांगायचा. त्याच्या नावासाठी दुसऱ्याच्या घरात हे होऊ देणं तिला जमलं नाही. पण हे नुसतं तिने बोलून चालणार नव्हतं. लोक म्हणतील कंपनीने बाईला फितवलं. त्याच्याच अक्षरात समोर यायला हवं.

"आबांना हे ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"मी त्यांना काही सांगितलेलं नाही." मग ती म्हणाली, "शेवटच्या पानाचंही मी तुम्हाला सांगणार नाही. ते वाचावं लागेल."

४

आता गणित उलटं झालं होतं. वही नाहीशी होण्यात एजंटाचा तोटाच होता. पण त्याला ते माहीत नव्हतं, तेव्हा तो सुटला असं म्हणता येईना. डॉक्टरांचं तर उलट फावलं होतं. या दोघांपैकी कुणी वही आधी उघडून वाचली असेल तर? बाई पुन्हा कपाटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुरकुरणारा गुडघा सांभाळत त्या खाली वाकल्या आणि तेवढ्यात सुतार आत आला.

सुतार सकाळपासून त्या खोलीत जहाजाचा मोठा नकाशा टांगायला फळी बसवत होता. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, कारण तो जेवायला एक वाजता खाली गेला तो अडीचलाच आला. त्याला बाईंशी बोलायचं होतं ते वेगळंच. जेवायला जाताना त्याच्या हातून स्क्रूचा डबा कलंडला होता. खोलीभर स्क्रू, तारेचे तुकडे, खिळे आणि वर लाकडाचा भुसा. येऊन झाडू म्हणून तो तसाच गेला. परत येऊन बघतो तर एकूण एक स्क्रू, खिळा, तारेचा तुकडा वेचून खिडकीत डब्याच्या झाकणात ठेवलेला.

"ज्याने केलं त्याचे आभार मानायचे होते," सुतार म्हणाला. "पण भुसा का नाही झाडला हो त्याने? भुसा होता तसाच होता. कपाटाखालचा खिळा काढलाय, आणि पायात येणारा भुसा ठेवलाय."

बाईंनी त्याला तीनदा तेच सांगायला लावलं. आवरायची हौस असलेला माणूस भुसाही झाडतो. झाडूवाला तर आधी भुसाच झाडतो. चोर काहीच उचलत नाही, त्याला पळायचं असतं. हे कोण, जो चोरी करायला येतो आणि जाता जाता फक्त धातू वेचतो?

मरण पावलेल्या वैमानिकाचा जोडीदार, समितीने साक्षीला बोलावलेला, खालच्या खोलीत बसला होता. धाकल्याच्या चाचण्या त्याने उडवल्या होत्या. गेल्या महिन्यात एका दणक्याच्या लँडिंगने त्याच्या मानेला मार बसला, तेव्हापासून गळ्यात जाड पट्टा. मान हलवता येत नाही आणि वाकायला तर दवाखान्यातून सक्त मनाई. बाईंनी त्याच्याशी वहीबद्दल बोलायच्या आधी स्क्रूचा किस्सा सांगितला, नुसता गंमत म्हणून सांगावा तसा.

तो हसला नाही.

"हा जहाजावरचा माणूस आहे," तो म्हणाला. "डेकवरचा."

मग त्याने समजावून सांगितलं. विमानं उडायच्या आधी जहाजाच्या डेकवर, म्हणजे त्या सपाट पाठीवर, सगळे एका रांगेत उभे राहतात, कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मान खाली घालून चालतात. जे सापडेल ते वेचायचं. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा. इंजिनाने एक खिळा आत ओढला की विमान गेलं आणि माणूसही गेला. धुळीने काही होत नाही, धुळीकडे कुणी बघत नाही. वर्षभर हे केलं की हाताला वळण लागतं. लग्नाच्या मांडवातसुद्धा खिळा दिसला की माणूस वाकतो, आणि वाकला होता हे त्याला आठवतही नाही.

"म्हणजे तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी असतो," त्याने गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला. "पण कपाटाखालचा खिळा? मला बुटाची नाडी बायको बांधून देते, बाई."

ते खरंच होतं. बाईंनी मनातल्या मनात एकेकाला डेकवर उभं करून पाहिलं. अध्यक्ष पाणबुडीतले. डॉक्टर प्रयोगशाळेतले. एजंटाने जहाज फक्त माहितीपत्रकात छापलेलं. डेकवर वाढलेलं इथे दुसरं कुणीच नव्हतं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

"असं कसं?" जोडीदार म्हणाला. "मला पहिल्यांदा हे ज्यांनी शिकवलं ते आबा आहेत की. आम्ही दोघं शाळेत होतो तेव्हा. पाय मोडून रेकॉर्डला यायच्या आधी दहा वर्षं ते जुन्या जहाजाच्या डेकवर होते."

बाईंच्या डोळ्यांसमोर आबा आले. बोलता बोलता वाकणारे, टाचणी उचलून खिशात टाकणारे. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की म्हातारा काटकसरी आहे.

५

साडेसहा वाजले होते. रेकॉर्ड रूममध्ये आबा एकटेच होते. बाईंनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. कारकून असताना त्या याच स्टुलावर बसायच्या. त्यांनी नुसतं म्हटलं, "आबा, वही द्या."

आबांनी नाही म्हटलं नाही. कसं कळलं हेही विचारलं नाही. ते उठले, तिसऱ्या रॅककडे गेले आणि बंद प्रकरणांच्या गठ्ठ्यातून एक फाइल काढली. वही तिच्यात होती, लाल फितीने बांधलेली, आणि तिच्यावर आजचा आवक क्रमांक घातलेला होता.

"फाडायला गेलो दोनदा," आबा म्हणाले. "चाळीस वर्षांत कागद फाडला नाही गं मी. हात उठला नाही."

त्यांनी सगळं सांगितलं, न रडता, एखादी जुनी नोंद वाचून दाखवावी तसं. लिफाफ्यावरचं सुनेचं अक्षर त्यांनी काउंटरवरच ओळखलं होतं, पण तिचा काही अर्ज असेल असं समजून वर नेला. वर चिठ्ठी ऐकली आणि पायाखालची जमीन सरकली. पोराच्या डोळ्याचं त्यांना ठाऊक होतं. कारण अज्ञात राहिलं तर पोरावर डाग येणार नव्हता. उड्डाणशाळेच्या फलकावर त्याचं नाव लागणार होतं, रंगारीसुद्धा ठरला होता. तेवढं एक त्यांना हवं होतं. मुलगा तर परत मिळणार नव्हता.

"आणि धाकल्यात बसतील ती मुलं?" बाईंनी विचारलं.

आबांनी फीत सोडून वही बाईंपुढे सरकवली. ते डेकवरचे होते, त्यांना हे बाईंपेक्षा जास्त कळत होतं.

बाईंनी चष्मा लावला आणि वही उघडली. बारीक, घाईतलं अक्षर. नववं लँडिंग: "उतरताना वाट दाखवणारा दिवा एकच असतो. आज दोन दिसले. खालचा खरा मानला, बरोबर निघाला." दहावं: "पुन्हा दोन. विमान अप्रतिम आहे, सांगाल तसं ऐकतं." अकरावं: "शेपटीच्या हुकने पहिल्या झटक्यात डेकवरची थांबवणारी वायर पकडली. आज वरचा दिवा खरा होता. उशिरा कळलं. थोडक्यात वाचलो. दोष थोरल्याचा नाही, माझ्या डोळ्याचा."

मग शेवटचं पान. त्यावर चारच ओळी होत्या.

"आज आबांना सगळं सांगितलं. डॉक्टरकडे जाऊ का विचारलं. ते म्हणाले, एवढी एक फेरी होऊ दे, निवड झाली की दाखवू. आता पाय मागे घेतलास तर आयुष्यभर जमिनीवर बसवतील. आबा म्हणतात म्हणजे ठीकच होईल."

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग वही मांडीवर उघडीच ठेवून त्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं म्हातारा पोराचं नाव झाकतोय. शेवटी त्यांनी पाहिलं तेव्हा आबा त्यांच्याकडेच बघत होते.

"मला पाय मोडला म्हणून जमिनीवर आणलं," आबा म्हणाले. "तीस वर्षं या खोलीत बसलोय. त्याचं तसं होऊ नये असं वाटलं मला. मीच पाठवला त्याला."

बाईंनी वही मिटली. त्यांनी आबांच्या हातावर हात ठेवला, आणि आबांनी तो हळूच बाजूला केला. रागाने नव्हे. त्यांना उठायचं होतं.

"तू वाचू नकोस वर," ते म्हणाले. "मी वाचतो."

६

पावणेआठला समिती पुन्हा बसली. सकाळी बाईंनी धरून बसवलं तेवढं सोडलं तर आबा कधी त्या खोलीत खुर्चीवर बसले नव्हते, आताही बसले नाहीत. लिफाफा कुणी फोडला ते त्यांनी आधी सांगितलं. डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली पडलं. एजंटाला आत घेतलं नव्हतं, नाहीतर त्याने आनंदाने उडी मारली असती. जोडीदार पट्ट्यात अवघडलेली मान तशीच ठेवून खिडकीबाहेर बघत राहिला, कारण त्याला दुसरीकडे बघवत नव्हतं.

आबांनी पहिल्या लँडिंगपासून वाचायला सुरुवात केली. आवाज आवक नोंदवही वाचायच्या वेळचा, ठणठणीत. अकरावं संपल्यावर अध्यक्षांनी हात वर केला. आम्हाला हवं ते मिळालं, ते म्हणाले, शेवटचं पान घरातलं आहे, ते राहू द्या. इतक्या मऊ आवाजात अध्यक्षांना बोलताना बाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

आबांनी पान उलटलं आणि चारही ओळी वाचल्या. एकही शब्द गाळला नाही.

आठ वाजता अध्यक्षांनी फोन केला. थोरला. कारण ज्ञात, विमान निर्दोष. आबांच्या चौकशीचं उद्या बघू, असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि आबा बाहेर पडेपर्यंत स्वतः उभे राहिले.

बाई आबांबरोबर जिन्यापर्यंत आल्या. आबा एकाएकी खूप थकलेले दिसत होते. कठड्याला धरून ते म्हणाले, "आता घरी जाऊन सुनेला सांगायला हवं. कसं सांगू कळत नाही. तिला बिचारीला काही ठाऊक नाही. तिला वाटतं मी तिच्यासारखाच दुःखात आहे."

बाईंच्या मनात आलं की गप्प बसावं. एवढ्या दिवसात एक खोटं चालून जाईल. पण दुपारी फोनवर बोललेली ती मुलगी आठवली, आणि त्यांना खोटं बोलवेना.

"आबा, तिने वाचलीय वही. शेवटच्या पानासकट."

"कधी?"

"सामान आलं त्या दिवशी."

आबा हिशेब करत असल्यासारखे थांबले. खाली फाटकाच्या दिव्याखाली सून उभी होती, त्यांना न्यायला आलेली. तिने वर पाहिलं.

"आठ दिवस," आबा म्हणाले. "आठ दिवस दोन्ही वेळ ती मला वाढतेय. परवा मी जेवेना तर शेजारी बसून घास भरवले तिने मला."

त्यांनी पाऊल खाली टाकायला उचललं आणि तिथेच पायरीवर बसले. मग सूनच जिना चढू लागली.